वरून वाचायची फाइल, खालून वाचायची फाइल

या महिन्याच्या टपालात चार पत्रं न्यूजग्रुप सर्व्हरबद्दल निघाली, तेव्हा मी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून युजनेटशी, म्हणजे सर्व्हरा-सर्व्हरांतून फिरणाऱ्या न्यूजग्रुपांच्या जाळ्याशी, नातं तोडलं, तेव्हा ‘चला, उठला बाजार’ असं मला वाटलं होतं. पत्रांवरून तरी उलटंच दिसतंय. त्या वाटेने येणारा कचरा थांबला आणि हौशी मंडळी स्वतःचा सर्व्हर मांडून बसली.

चौघांकडेही आयएनएन आहे. रिच सॉल्झ यांनी लिहिलेला, १९९२ पासून चालत आलेला सर्व्हर. मी नोकरीतली बरीच वर्षं तोच सांभाळला, त्यामुळे त्याच्या खोड्या मला घरातल्या माणसाच्या असाव्यात तशा पाठ आहेत. एक सूचना : संपादक रोमन अक्षर छापू देत नाहीत. तेव्हा फाइलींची आणि ग्रुपची नावं इथे देवनागरीत वाचा, कीबोर्डवर मात्र रोमनमध्येच उमटवा.

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा, कॉलेजातून निवृत्त झालेला प्राध्यापक. भाड्याच्या २० जीबीच्या सर्व्हरवर डेबियन टाकून आयएनएन बसवलं. बाहेरून फक्त मजकुराचे ग्रुप घेतो. लॉगवरून रोज साधारण ४० एमबी येतं. शिवाय माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी ‘माजी’ नावाची घरची शाखा आहे. स्टोरेज फाइलमध्ये आधी सगळ्या ग्रुपांसाठी सीएनएफएस (पोस्ट साठवायची एक पद्धत), क्लास १, त्याला २ जीबीचं बफर. त्याखाली ‘माजी’साठी ट्रॅडस्पूल ही दुसरी पद्धत, क्लास ०. पोस्ट किती दिवस ठेवायच्या ते सांगणाऱ्या एक्स्पायरच्या फाइलमध्ये ‘माजी’पुढे ‘नेव्हर’ लिहिलंय. तरी एप्रिलच्या मध्याला टाकलेल्या पोस्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसेनाशा झाल्या. इनचेक चालवला, तो काही बोलत नाही. डिस्क खराब झाली असेल का?

उत्तर : सर, डिस्क ठणठणीत आहे. तुम्ही जे लिहिलंत तेच सर्व्हरने इमानेइतबारे पाळलं, दुखणं तिथेच आहे.

स्टोरेज डॉट कॉन्फ ही फाइल वरून खाली वाचली जाते. पोस्टला जो कप्पा पहिल्यांदा जुळेल त्यात ती पडते, खालचे कप्पे कोणी उघडूनही बघत नाही. तुमच्या पहिल्या कप्प्यावर नुसती चांदणी आहे, म्हणजे ‘सगळे’. ‘माजी’ त्या सगळ्यांतच आला. खालचा ट्रॅडस्पूलचा कप्पा तुम्ही हौसेने बांधलात, पण आजवर त्यात एक पोस्ट गेलेली नाही. स्पूलमधल्या, म्हणजे पोस्टच्या साठ्यातल्या, आर्टिकल्स फोल्डरात जाऊन बघा, ‘माजी’ नावाचं फोल्डरही सापडणार नाही. इनचेक लिखाणातली चूक पकडतो. तुमची चूक क्रमातली, ती त्याला कशी दिसणार?

मग ‘नेव्हर’चं काय झालं? सीएनएफएस म्हणजे ठरावीक लांबीची पाटी. लिहीत लिहीत टोकापर्यंत जायचं, टोक आलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून वरून गिरवायला लागायचं. जुनं पुसायला वेगळा माणूस लागत नाही, नवं लिहितानाच जुनं जातं. त्यामुळे एक्स्पायरच्या फाइलमध्ये तुम्ही काहीही लिहा, सीएनएफएस ते विचारत नाही. २ जीबी म्हणजे २,०४८ एमबी. रोजच्या ४० ने भागा, ५१ दिवस येतात. १५ एप्रिलमध्ये ५१ दिवस मिळवले की ५ जून. तुमच्या पोस्ट अगदी हिशेबाने गेल्या की हो! सीएनएफएसस्टॅट नावाची आज्ञा आहे, तिला ‘वजा ए’ जोडून चालवा. बफरमधली सगळ्यात जुनी पोस्ट किती दिवसांची आहे ते ती सांगते. ती दर आठवड्याला बघायची सवय ठेवा, कारण एखाद्या दिवशी कोणी कचऱ्याचा पूर सोडला तर ५१ चे ३० व्हायला वेळ लागत नाही.

गेलेल्या पोस्ट परत येणार नाहीत, त्यांच्यावरून गिरवून झालंय. पण ज्या अजून बफरमध्ये आहेत त्या आज रात्रीच काढून ठेवा. पोस्टचा मेसेज-आयडी घेऊन ग्रेपहिस्टरी या आज्ञेला द्या. तो एक लांबलचक टोकन छापतो, दोन्ही टोकांना ॲट-चिन्ह असलेलं. ते टोकन ‘एसएम’ या आज्ञेला दिलं की आख्खी पोस्ट मथळ्यासकट (पाठवणारा, तारीख वगैरे वरच्या ओळी) समोर येते, ती साध्या फाइलमध्ये साठवा. जाता जाता टोकनचे पहिले चार आकडे बघा. ०३०१ असतील. ०३ म्हणजे सीएनएफएस, ०१ म्हणजे क्लास १. ट्रॅडस्पूलच्या क्लास ० मध्ये पडली असती तर ०५०० दिसलं असतं. पोस्ट कुठल्या कप्प्यात गेली हे ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

आता दुरुस्ती. ‘माजी’चा कप्पा वर घ्या, चांदणीचा खाली. सीएनएफएसचा कप्पा काढून टाकायचा मोह होईल, तो आवरा. ज्या पद्धतीचं नाव फाइलमध्ये नाही, त्या पद्धतीने ठेवलेल्या जुन्या पोस्ट सर्व्हर वाचूच शकत नाही. क्रम बदलल्याचा परिणाम नव्या पोस्टवर होतो, जुन्या असतात तिथेच राहतात. आणि यासाठी नुसतं ‘रीलोड’ पुरत नाही, इनडी, म्हणजे आयएनएनचा मुख्य प्रोग्राम, बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. मग ‘माजी’वर एक चाचणी-पोस्ट टाका. आर्टिकल्स फोल्डरात माजी, त्यात तुमच्या ग्रुपचं फोल्डर, आणि त्यात नुसता क्रमांक हेच नाव असलेली एक फाइल दिसली की झालं. ट्रॅडस्पूल एवढं साधं आहे, एक पोस्ट एक फाइल, नावातल्या टिंबाच्या जागी फोल्डर.

एखाद्याने ‘माजी’वर आणि बाहेरच्या एखाद्या ग्रुपवर एकच पोस्ट टाकली तर? त्यातला एक ग्रुप जुळला तरी वरचा कप्पा ती उचलतो. सगळे ग्रुप जुळले तरच घे, असं सांगायचं असेल तर त्या कप्प्यात ‘एक्झॅक्टमॅच’ ट्रू करा. तुम्हाला गरज वाटत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचं पत्र त्याचंच येणार म्हणून सांगते : मग सगळंच ट्रॅडस्पूलमध्ये का ठेवू नये? मी ठेवलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आमच्या कॉलेजात. ४ जीबीची डिस्क, फाइल सिस्टिम करताना दर ८ केबीला एक आयनोड (दर फाइलमागे एक लागणारी नोंद). एका सकाळी सर्व्हर ‘जागा नाही’ म्हणून थांबला. डीएफ बघितलं तर जवळजवळ अर्धी डिस्क मोकळी! मी दोनदा रीस्टार्ट केलं, केबल काढून लावली, शिपायाला यूपीएस बघायला पाठवलं. दुपारी एका विद्यार्थ्याने हळूच विचारलं, ‘मॅडम, डीएफला वजा आय लावून बघितलं का?’ आयनोड शंभर टक्के भरलेले. पोस्ट दोन-तीन केबीची, जागा घेते ४ केबीच्या एका ब्लॉकची, आणि खाते मात्र एक आख्खा आयनोड. सव्वापाच लाख पोस्ट झाल्या आणि आयनोड संपले. आज ईएक्सटी-४ मध्ये न सांगता दर १६ केबीला एक आयनोड मिळतो. म्हणजे तुमच्या २० जीबीला साधारण १३ लाख. लहान पोस्टच भरत राहिलात तर डिस्क पाव भरली असतानाच सर्व्हर हात वर करेल. ‘माजी’सारख्या घरच्या, कमी वर्दळीच्या शाखेला ट्रॅडस्पूल उत्तम. बाहेरचा लोंढा पाटीवरच बरा.

बफर मोठं करायचं तर बफरांची माहिती असलेल्या सायकबफ डॉट कॉन्फमधला आकडा नुसता वाढवू नका. मूळ लांबी बफरच्या आतही लिहिलेली असते, दोन्ही जुळल्या नाहीत की सर्व्हर अडतो. नवी फाइल डीडी या आज्ञेने शून्यं भरून तयार करा आणि दुसरं बफर म्हणून जोडा. आकडा केबीमध्ये लिहायचा, म्हणजे २ जीबीला २०,९७,१५२.

आणि शेवटी एक्स्पायर डॉट सीटीएल. इथे गंमत आहे. ही फाइल उलटी चालते, जुळणारी शेवटची ओळ खरी. म्हणून चांदणीची ओळ वर आणि ‘माजी’ची खाली हवी, स्टोरेजच्या बरोबर उलट. एकाच फोल्डरात शेजारी राहणाऱ्या दोन फाइली, एक वरून वाचायची, एक खालून. मी दोन्हींच्या पहिल्या ओळीत तशी टिप्पणी लिहून ठेवायचे, अजूनही कोणी ती पुसली नसेल अशी आशा आहे. ‘माजी’च्या ओळीत ‘नेव्हर’ तीनदा लिहा. पहिला किमान मुक्काम, मधला नेहमीचा, शेवटचा कमाल. मधलाच लिहिलात तर ज्या पोस्टच्या मथळ्यात स्वतःची ‘एक्स्पायर्स’ तारीख आहे ती त्या तारखेला निघून जाईल.

प्रश्न : नमस्कार ताई. ठाण्याच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळते. विद्यार्थी कॅम्पसमधून पासवर्डशिवाय वाचतात, शिक्षक लॉगिन करतात. ‘शिक्षक’ शाखा फक्त शिक्षकांना दिसावी म्हणून रीडर्स डॉट कॉन्फमध्ये आधी शिक्षकांचा ॲक्सेस ब्लॉक लिहिला आणि खाली सगळ्यांसाठी यूजर्स चांदणी, न्यूजग्रुप्स ‘!शिक्षक.*,*’ असा दुसरा. पासवर्ड बरोबर लागतो, पण शिक्षकांना शिक्षकांचे ग्रुप दिसत नाहीत. आणि कहर म्हणजे विद्यार्थ्यांना दिसतात असं एका मुलाने सांगितलं. मी मात्र माझ्या लॉगिनने बघितलं तर मलाही दिसतात. कोणाचं खरं मानू?

उत्तर : त्या मुलाचं. आणि तुमचंही. ‘शिक्षकांना दिसत नाहीत’ ही तक्रार ज्यांनी केली त्यांनी बहुधा न्यूजरीडरमध्ये ग्रुपची यादी नव्याने मागवलेली नाही. तुमच्या फाइलीप्रमाणे आज शिक्षक, विद्यार्थी सगळ्यांनाच सगळं दिसतंय, आणि त्यामागे दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या आहेत. एक सुधारलीत की दुसरी बाहेर येईल, म्हणून दोन्ही एकदमच घ्या.

पहिली नमुन्यातली. नमुना डावीकडून उजवीकडे वाचा, जुळणारा सगळ्यात उजवीकडचा तुकडा खरा. तुम्ही आधी ‘शिक्षक नको’ म्हणालात आणि लगेच ‘सगळे’ म्हणालात, त्या चांदणीने शिक्षकांना पुन्हा आत घेतलं. ‘*,!शिक्षक.*’ असं हवं. आधी सगळे, मग वगळायचे ते. वाण्याच्या यादीत मागून खोडलेलं खरं धरतात, तसंच.

दुसरी ब्लॉकच्या क्रमातली. ही फाइल खालून वर वाचली जाते. लॉगिन झाल्यावर सर्व्हर ॲक्सेस ब्लॉक शेवटून तपासतो आणि नाव जिथे जुळेल तिथे थांबतो. तुमच्या सगळ्यात खालच्या ब्लॉकवर यूजर्स चांदणी. प्राचार्य आले काय नि पहिल्या वर्षाचा पोरगा आला काय, दोघंही तिथेच अडकणार. नमुना तेवढा सुधारलात तर शिक्षकांचे ग्रुप शिक्षकांपासूनही लपतील. म्हणून सगळ्यांचा ब्लॉक वर, शिक्षकांचा तळाला. ऑथ ब्लॉकही असेच शेवटून पाहिले जातात. त्यांचं काम ‘तू कोण’ एवढंच विचारायचं, ‘तुला काय दिसेल’ हे ॲक्सेस सांगतो. ज्याच्या पत्त्याला एकही ऑथ ब्लॉक जुळत नाही त्याला सर्व्हर ५०२ म्हणून दारातूनच परत पाठवतो. बाहेरच्यांसाठी वेगळं काही लिहायला नको, ऑथ ब्लॉकच्या होस्ट्समध्ये कॅम्पसची रेंज तेवढी नीट ठेवा.

या फाइलीचा बदल पुढच्या नव्या जोडणीला आपोआप लागू होतो, सर्व्हर बंद करायची गरज नाही. तपासणी न्यूजरीडरने करू नका, तो जुनी यादी दाखवून फसवतो, ते तुम्ही आत्ताच अनुभवलंत. सर्व्हरवरूनच टेलनेटने ११९ ला जोडून हाताने बोला. ऑथइन्फो यूजर आणि नाव लिहा, ३८१ येईल, म्हणजे ‘पासवर्ड सांगा’. ऑथइन्फो पास आणि पासवर्ड, २८१ आलं म्हणजे आत. मग लिस्ट ॲक्टिव्ह. ज्याला वाचायची मुभा नाही तो ग्रुप यादीत येतच नाही, त्यामुळे इथे जे दिसेल तेच खरं. मात्र होस्ट्समध्ये लोकलहोस्टचा वेगळा ब्लॉक असेल तर तुमची तपासणी त्या ब्लॉकची होईल. हीच तपासणी एकदा लॅबच्या मशीनवरून, लॉगिन न करता करा, म्हणजे मुलांना काय दिसतं तेही कळेल.

हे पासवर्ड ११९ वरून उघडे जातात बरं का. शिक्षकांना ५६३ वर न्या, सर्टिफिकेट बसवा, आणि त्यांच्या ऑथ ब्लॉकमध्ये ‘रिक्वायर एसएसएल’ ट्रू करा. त्यानंतर वरची तपासणी टेलनेटऐवजी ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने करावी लागेल. कॅम्पसमधली कुठलीही भिंत मुलांच्या कुतूहलापुढे टिकत नाही, हे मी आयनोडवाल्या विद्यार्थ्यावरूनच शिकले.

सूचनांचा ग्रुप मुलांनी वाचावा पण त्यात लिहू नये असं वाटत असेल, तर ‘न्यूजग्रुप्स’ची ओळ काढून ‘रीड’ आणि ‘पोस्ट’ अशा दोन वेगळ्या ओळी द्या. आणि ॲक्सेसच्या अक्षरांत मुलांना ‘ए’ चुकूनही नको. ते अक्षर असलेला कोणीही मथळ्यात ‘अप्रूव्हड’ची एक ओळ घालून संपादित ग्रुपमध्ये थेट पोस्ट टाकू शकतो.

प्रश्न : सुडोने डीडी चालवून १ जीबीचं बफर केलं, सायकबफमध्ये मार्गही बरोबर आहे. पण सर्व्हर ते उघडत नाही. (फोंडा)

उत्तर : फाइल रूटच्या मालकीची झालीय. सर्व्हर ‘न्यूज’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला तिथे लिहिता येत नाही. चोन या आज्ञेने मालक आणि ग्रुप दोन्ही ‘न्यूज’ करा, परवानगी ६६० किंवा ६६४. बफर ठेवलेल्या फोल्डराचीही तीच गत नाही ना ते बघा. यापुढे न्यूजच्या फाइलींना हात लावताना आधी न्यूज व्हायचं, मग बसायचं.

प्रश्न : न्यू जर्सीहून. माझ्याकडे १९९६ ते १९९९ मधल्या सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी या ग्रुपच्या साधारण ३,००० पोस्ट एका मेलबॉक्स फाइलमध्ये आहेत, सगळ्या रोमन मराठीत. घरच्या आयएनएनवर त्या चढवून मंडळातल्या वीसेक जणांना वाचायला द्यायच्या आहेत. पण सर्व्हर एकही पोस्ट घेत नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी जपून ठेवणार आहे. ‘kasa kay’ नव्हे, ‘कसा काय’ असं वाचायला डोळ्यांना तेव्हा सराव लागायचा, इतकंच लिहिते आणि कामाला लागते. (हे दोन शब्द रोमनमध्ये छापल्याबद्दल संपादकांनी मला माफ करावं.)

सर्व्हर घेत नाही कारण आयएनएन डॉट कॉन्फमध्ये आर्टकटऑफ न सांगता १० दिवस असतो. त्याहून जुनी तारीख दिसली की पोस्ट दारातूनच परत. तो ० करा, तपासणी बंद होते. इनडी रीस्टार्ट करा. सीटीएल-इनडी या आज्ञेने तो ग्रुप आधी तयार केलेला हवा, नाहीतर नको असलेला ग्रुप म्हणून नकार येईल.

मेलबॉक्स जशीच्या तशी चालणार नाही. प्रत्येक पोस्टच्या डोक्यावरची ‘फ्रॉम’ आणि रिकामी जागा अशी सुरू होणारी ओळ काढा. कोलन असलेली ‘फ्रॉम’ मात्र राहू द्या, ती खरी. सहा मथळे असलेच पाहिजेत : पाथ, फ्रॉम, न्यूजग्रुप्स, सब्जेक्ट, डेट, मेसेज-आयडी. साठवताना बहुधा पाथ गळलेला असतो, तो घाला. मग पोस्ट तारखेप्रमाणे लावून घ्या, कारण ग्रुपमधले क्रमांक चढवण्याच्या क्रमाने पडतात, आणि १९९९ चं उत्तर १९९६ च्या प्रश्नाआधी आलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. प्रत्येक पोस्टच्या आधी आर-न्यूजच्या (पोस्ट चढवणाऱ्या आज्ञेच्या) बॅचची ओळ आणि तिच्यात बाइटचा आकडा. अक्षरांचा नव्हे, बाइटचा. तो एकाने चुकला तरी पुढची सगळी बॅच सरकते. आधी पाचच पोस्ट चढवून बघा.

साठवण ट्रॅडस्पूल, एक्स्पायरमध्ये तीनही ‘नेव्हर’. त्या काळच्या पोस्टमध्ये ‘एक्स्पायर्स’ची तारीख असायची, वर प्राध्यापकसाहेबांना सांगितलं तेच तुम्हालाही. न्यूजफीड्समध्ये एकही पिअर, म्हणजे पोस्ट पुढे पाठवायचा दुसरा सर्व्हर, ठेवू नका, नाहीतर १९९७ ची टपाल जगभर पुन्हा वाटायला निघेल.

आणि हा सर्व्हर उघडा टाकू नका. त्या पोस्टमध्ये माणसांची नावं आहेत, पत्ते आहेत, तेव्हाची भांडणं आहेत. लिहिणाऱ्यातल्या कित्येकांना आपण तेव्हा काय लिहिलं ते आठवतही नसेल. मंडळाच्या वीस जणांना वीस लॉगिन द्या, सगळ्यांना मिळून एक नको. ॲक्सेसमध्ये ‘आर’ एवढं एकच अक्षर. मग स्वतःच्या लॉगिनने आत जाऊन पोस्ट टाकायचा प्रयत्न करा. ४४० असं उत्तर आलं की कुलूप बसलं.